कोणतं सावधान

ताईच्या लग्नात बँड परवडणार नव्हता, म्हणून दोन दिवस आमचा पांडेसरा भाग पालथा घालून मी एक स्वस्तातला गुजराती रेकॉर्डवाला ठरवला. त्याला बजावलं, “भटजी सावधान म्हणाले की लगेच सनईची रेकॉर्ड लाव.”

“कयुं सावधान?” त्याने विचारलं. कोणतं, असं त्याने दोनदा विचारलं. मी खेकसलो, “सावधान म्हणजे सावधान.”

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सावधान प्रत्येक कडव्याच्या शेवटी येतं. वाजवायचं ते फक्त शेवटच्याला.

रेकॉर्डवाला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सुई उचलून तयार बसला होता. मी हातवारे केले. त्याने हसून मान डोलावली. मी गर्दीतून वाट काढत निम्म्यावर पोचलो, तोवर पहिलं सावधान झालं आणि कर्ण्यातून सनई सुरू झाली. लग्न लागलं समजून लोकांनी अंतरपाट सोडला, नवरदेवाने ताईला हार घातला. भटजी तोंड उघडं ठेवून थांबले.

वडील रेकॉर्डवाल्यावर धावून गेले. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, “दोनदा सांगितलं होतं त्याला.”