कप्तानाची खुर्ची

अवकाशातल्या त्या साहसपटाचा नवा भाग बघून दोन दिवस झाले, तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. पहिला भाग मी कॉलेजात असताना पाहिला होता आणि तेव्हापासून त्यातला कप्तान माझा माणूस झाला. या भागात त्याचे केस पिकलेत आणि यान एका तरुण पोरीच्या हाती आलंय. आल्या आल्या तिने त्याची खुर्ची पुढे ओढली, उंची कमी केली, आणि मला राग आला. जास्त राग याचा, की पोरगी यान झकास चालवते.

शेवटी कप्तान एका छोट्या यानातून एकटाच निघतो. बोलत काही नाही, नुसता हात वर करतो आणि वळतो. माझ्या शेजारच्या अनोळखी बाई पडद्याकडे बघत पुटपुटल्या, "अरे, येतो तरी म्हणावं." नामावली संपली, दिवे लागले, झाडणारे आले, तरी आम्ही दोघंही उठलो नाही. तो परत दिसेल असं वाटत राहिलं.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. माझ्या जागी येणारी मुलगी परवा ऑफिसात येऊन गेली. "सर, हे टेबल खिडकीकडे वळवलं तर चालेल ना?" तिने नम्रपणे विचारलं. मी "चालेल की" म्हणालो.

निवृत्तीच्या संध्याकाळी ऑफिसच्या दारातून निघताना काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही. येतो म्हणावं तर ते खोटं, आणि जातो म्हणायला जीभ रेटत नाही. नुसता हात वर केलेला मला चालेल, पण त्या बाईंना चालला नव्हता.