गोडबोल्याला दिलेलं मत

जुळारीकाकांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले. एका माणसाचं नाव मात्र त्यांनी कित्येक वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. ते त्याला नुसतं गोडबोल्या म्हणत. एकेकाळचा तो कामगारांचा पुढारी. संप ऐन भरात असताना त्यानं मालकाशी आतून हातमिळवणी केली आणि काका वर्षभर घरी बसले. ते वर्ष काकूंनी शिवणाच्या मशीनवर संसार ओढला.

आता काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. अर्धं अंग गेलेलं, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. कालव्यामागच्या वस्तीतली एक बाई रोज सकाळी येऊन त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरता विंचरता गावभरच्या गोष्टी सांगायची. तिची चाहूल लागली की काकूंचा चेहरा उजळायचा. काका तेव्हा शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचे आणि एक ओळ वाचायचे नाहीत.

नगरपालिकेच्या निवडणुकीला गोडबोल्या उभा राहिला. समोर एक शिकलेला, स्वच्छ हाताचा साहेब. उट्टं काढायची संधी आली म्हणून काका खूश झाले. पण साहेबानं भर सभेत सांगून टाकलं, निवडून आलो की कालव्यामागची वस्ती उठवणार, लोकांना शहराबाहेर जागा देणार.

दुसऱ्या दिवशी बाईनं केस विंचरले, पण गोष्ट सांगितली नाही. निघताना म्हणाली, "तिकडून दोन बस बदलाव्या लागतील, काका. जमेल तसं येईन." मत कोणाला द्या, याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. काकांनी मतदानालाच जायचं नाही असं ठरवलं आणि काकूंना तसं सांगितलं. काकूंनी चांगल्या हातानं त्यांची बाही ओढली.

"जा."

"त्याला देऊ? त्याच्यापायी वर्षभर मशीनवर डोळे फोडलेस, विसरलीस?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. विसरल्या नव्हत्या. "ती... येऊ दे," त्या म्हणाल्या.

काका गेले. दगडापेक्षा वीट मऊ, असं मनाला बजावत मत देऊन आले आणि आल्या आल्या साबणानं हात धुवायला लागले. ते बघून काकूंना अर्ध्या चेहऱ्यानं हसू फुटलं. मग काकांनाही राहवलं नाही.

गोडबोल्या थोडक्यात निवडून आला. वस्ती वाचली, पण त्यानं प्रचारात कबूल केलेला नळ काही तिथे येईना. काका काठी टेकत त्याच्या कचेरीत गेले. त्यानं दोन्ही हात पसरले; जुनं विसरलात ना, म्हणाला.

"विसरलो नाही," काका म्हणाले. "मत दिलंय, म्हणून विचारायला आलोय. नळ कधी?"

त्यानं पुढच्या आठवड्याचा वायदा केला. पुढच्या आठवड्यात काका परत गेले, आणि मग जातच राहिले. शेवटी त्यांना बघून कचेरीतला शिपाई न सांगता खुर्ची ओढून द्यायला लागला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदाचं पाणी आलं. त्या सकाळी वस्तीतली सगळी माणसं नळाशी जमली, तेव्हा बाईला यायला उशीर होणारच होता. काकांनी पाणी कोमट केलं, बाह्या वर सारल्या आणि पहिल्यांदाच काकूंना स्वतः अंघोळ घातली. साबण डोळ्यांत गेला, अर्धं पाणी जमिनीवर सांडलं.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी थोडा विचार केला. "बरं," त्या म्हणाल्या.