भाच्याच्या नावाची गच्चीवरची परीक्षा

"बसवराऽऽऽज!" काका गच्चीच्या कठड्यावर एक पाय ठेवून ओरडले आणि खाली निलंग्याची अख्खी गल्ली "ओ" म्हणाली.

टेलरनं मशीन थांबवून ओ दिली. न्हाव्याच्या खुर्चीतून एकानं अर्ध्या दाढीनिशी दिली. स्टँडकडं निघालेली एसटी करकचून थांबली, कारण ड्रायव्हरही त्याच नावाचा निघाला.

"बघ!" काका जिन्यातून खाली वाकून माझ्या बहिणीला म्हणाले. "ह्याला म्हणतेत नाव. हाक मारली की मानूस हजर."

बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली. कानाला स्कार्फ गुंडाळून ती जिन्याच्या तळाशी बसली होती. "मानूस कुठं काका, तालुका हजर झाला! मला माझं एकटं पोरगं यायला पाहिजे."

बारसं आठवड्यावर आलं होतं आणि तिचा हट्ट एवढाच होता, की पोराचं नाव दुसऱ्या कुणाचं नसावं. हट्टाला कारण होतं. आमच्या दाजींचं नाव इतकं चालू, की नांदेडच्या त्यांच्या ऑफिसात एक टेबल सोडून एक त्याच नावाचा माणूस बसतो. म्हणून सगळे त्यांना ‘मुदखेडवाले’ म्हणतात. लग्नात हार घालताना भटजींनीही तेच म्हटलं होतं. त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डाला माहीत आहे.

काकांना हे पटेना. "अगं, बसव म्हंजे कानडीत बैल. वृषभाचा बसव झाला. म्हादेवाच्या म्होरं बसतो तो नंदी! त्याला वर राज जोडलंय. अजून काय पाहिजे?"

"पोराला बैल म्हणू?"

"मग काय मोबाईल म्हणतीस?"

काकांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. मी नांदेडला कॉलेजात असताना त्यांनी इथून जेवायला हाक मारली होती आणि मी तिथं हात धुतले होते. लोक हसतात. हसू द्या. हात ओले होते. त्यांचा सिद्धांत असा, की नाव हे हाक मारायला असतं, म्हणून ते गच्चीवरून ओरडून बघावं. अर्थ नंतर.

बहिणीनं मोबाईलमधून पहिलं नाव काढलं, शिवांश. शिवाचा अंश. काकांचा घसा बसवराजमध्ये खर्ची पडला होता, म्हणून मी ओरडलो. एकाही पोरानं ओ दिली नाही, पण प्रत्येक गॅलरीत एकेक आई उगवली. "आता काय केलं ह्यानं?" एकीनं तर वरूनच सांगितलं, "काच आमी बसवून देऊ!"

शिवांश बाद झाला.

मग निघालं अव्यान. मोबाईल एकदा म्हणाला, दोषरहित. दुसऱ्यांदा म्हणाला, गणपती. काकांनी दोन घोट पाणी पिऊन हाक मारली. गल्ली गप्प. टेलरची मशीन चालूच. एक कुत्रं उठलं, त्यानं थोडा विचार केला आणि परत झोपलं.

"हेच!" खालून बहीण ओरडली. "काका, परत मारा."

काकांनी परत मारली. आणि काम पक्कं करायचं तर अर्धवट कशाला? सकाळी पोरं शाळेत असतील म्हणून संध्याकाळी मारली. बाजाराच्या दिवशी लोक घरी नसतील म्हणून दुसऱ्या दिवशी मारली. चारी दिशांना तोंड करून झालं. खालून कुणी विचारलं, की कामधंदा सोडून अर्थ सांगायचे, "दोष नसलेला! एकदम अस्सल!" कुणीच ओ दिली नाही. बहिणीला आनंदानं दोन घास जास्त जायला लागले.

बारशाला मुदखेडहून अक्का आल्या. अक्का म्हणजे बहिणीची नणंद, बाळाची आत्या. नाव ठेवायचा मान त्यांचा, आणि त्याबद्दल पाठीत बुक्क्या खायचाही त्यांचाच. त्या पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि मागं टपलेल्या बायकांनी असे हात मोकळे केले, की भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढं गेलं. "अव्यान!" अक्का कशाबशा म्हणाल्या.

घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी डोळे मोठे केले. "अगं बया, आमच्या नातवाचं बी हेच! कालच लातूरला सुनंच्या माहेरी बारसं झालं की."

बहिणीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुमाला कुठं घावलं हे नाव?"

"कुठं म्हंजे? तुमच्या गच्चीवरून! आठवडाभर ऐकून ऐकून तोंडात बसलं. सुनेला फोनवर सांगितलं, तिला लई आवडलं."

काका घुगऱ्यांत खडा शोधायला लागले. मावशींचा मुलगाही नांदेडलाच नोकरीला, त्यामुळं माझ्या बहिणीचा पोरगा आणि मावशींचा नातू आता तिथल्या एकाच बालवाडीत जातात. पण त्या दिवशी बहिणीनं शेवटची धडपड केली. नणंदेचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. मी दारातच होतो.

"अक्का, अजून कुणी उठलं न्हाई. दुसरं नाव ठेवा की ओ."

अक्का पाठ चोळत भिंतीला टेकल्या.

"ठेवते की. बुक्क्या तू खा."