म्याडम कामात आहेत

यवतमाळच्या ज्या ऑफिसात मी हिशेब बघायची ते ऑफिसच बंद पडलं, आणि मी बॅग उचलून नेरला आईबाबांकडे परत आले. सुरुवातीला माझं नोकरी शोधणं म्हणजे गादीवर आडवं पडून मोबाइल चाळणं. अर्ध्या झोपेत दिसेल तिथं अर्ज टाकायची. एकदा चक्क जेसीबी चालवायच्या जागेसाठी फोन आला आणि मी "विचार करून सांगते" म्हणाले.

बाबांना ते बघवेना. ते सरकारी कचेरीत शिपाई होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इस्त्रीचा शर्ट चढवल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत.

"लोळून लोळून गादीले खड्डा पडला, पोरी," ते म्हणाले. "नोकरी शोधनं बी कामच आहे. अन् कामाले ऑफिस लागते."

घरात मोकळी खोली नव्हती. भाव वाढेल या आशेवर कापूस विकायचा राहिला होता, मधली खोली जवळपास छतापर्यंत भरलेली. बाबांनी फावड्यानं कापूस मागे लोटला, पुढे टेबल-खुर्ची मांडली आणि कपाटातून एक घंटी काढून टेबलावर ठेवली. दाराबाहेर स्वतःसाठी स्टूल.

दुसऱ्या दिवशी मी गाऊनवरच आत जायला निघाले, तर त्यांनी हात आडवा केला. "म्याडम, ड्रेस घालून या." गंमत वाटून मी ड्रेस घालून आले. आणि मी दारातून आत जाताना माझे बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले.

"बाबा, बसा न हो! कायले उभे राहता?"

"ड्युटीवर बाबा म्हनायचं नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून माझे दिवस रांगेला लागले. सकाळी अर्ज, ठीक अकराला बाबा आणून देत तो चहा, दुपारी फोन आणि कॉम्प्युटरचा सराव. अंगाला कापसाची खाज सुटायची, डोळे मिटायला लागायचे. पण उघड्या दारातून त्यांची ताठ पाठ दिसायची. तो माणूस तिथं तसा बसलेला असताना मला टेबलावर डोकं टेकवणं जमेना.

अडचण एकच होती. त्यांची जुनी सवय. शेजारची काकू विरजण मागायला आली, तर तिला त्यांनी अंगणातच बसवलं. "म्याडम कामात आहेत."

"अहो भाऊजी, मले दिसून राह्यली न थे! शेंगा खाऊन राह्यली!"

"मंग जेवाची सुट्टी आहे. उद्या या."

काकूनं चिडून स्वयंपाकघराकडून वळसा घेतला आणि विरजण नेलं. दुसऱ्या दिवशी मात्र ती मोबाइल आणि आधार कार्ड घेऊन आली आणि मुकाट्यानं अंगणात वाट बघत बसली. गल्लीत बातमी पसरली होती की इथं कसलंसं ऑफिस उघडलंय.

मग एकदा नागपूरच्या एका कंपनीची व्हिडिओवर मुलाखत ठरली. मी कॅमेरा लावला. समोरचे साहेब डोळे बारीक करून बघत राहिले.

"तुम्ही सध्या काश्मीरला आहात का?"

"नाही सर, नेर. हा कापूस आहे."

"अरे! काहून विकला नाही अजून?" साहेब आपल्याकडचेच निघाले. मग भावावर बोलणं चाललं, मी जरा सैल झाले, आणि तेवढ्यात अकराचा चहा आला. बाबा ट्रे घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर उभे. "म्याडम, चहा."

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

"आमचे... शिपाई."

बाबांची छाती फुगली. ते वाकून मोबाइलला म्हणाले, "तुमचा झाला का चहा, साहेब?" आणि नेमकी त्याच क्षणी, वर ढिगावर निजलेली मांजर त्यांच्या आवाजानं दचकून उडी मारून पळाली. मागचा सगळा कापूस हळूच सरकला आणि माझ्या अंगावर आला. पुढचं काही मला दिसलं नाही. साहेब हसत होते एवढं ऐकू येत होतं. बाबा त्याही अवस्थेत "साहेब, दोन मिनिटं थांबा, म्याडम अंदर आहेत" असं सांगत मला उकरून काढत होते.

ती नोकरी मिळाली नाही. कंपनीनं कळवलं, तुमची आत्ताची व्यवस्था बघता आमची जागा तुम्हाला फार खालची वाटेल. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र आत जाऊन थोडं रडले. बाबांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर कुणाला तरी सांगितलं, "मीटिंग चालू आहे."

पुढं कळंबच्या एका बियाण्यांच्या दुकानात हिशेबाची जागा मिळाली. तिथं खोली घेतली. पहिल्या दिवशी मालकांनी टेबल दाखवलं आणि म्हणाले, "काही लागलं तर सांगा." मी वह्या उघडल्या, अकरा वाजले आणि मान वर न करताच बोलून गेले, "चहा आणा."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. मालक "साखर किती?" विचारून स्वतःच उठले.