काकांचा इंग्रजांवरचा राग

ब्रिटिश समाजातल्या उच्चनीचतेचा जेवढा राग माझ्या चुलतसासऱ्यांना येतो, तेवढा खुद्द तिथल्या गोरगरिबांनाही कधी आला नसेल. काका आमच्यासारखेच राहतात अबूधाबीला, अल रीम आयलंडवरच्या एका उंच इमारतीत. केटरिंगच्या धंद्यात त्यांनी उत्तम जम बसवला आहे. पण लॉर्ड, त्याची हवेली आणि तिथे राबणारे नोकर असा सिनेमा दिसला, की त्यांचा रक्तदाब चढलाच म्हणून समजावं. रविवारी आम्हाला जेवायला बोलावून ते असा एखादा सिनेमा लावतात आणि स्वतःच त्यावर अखंड बोलतात. "बघा, एवढे काटे-चमचे मांडलेत. खाणार काय, तर उकडलेला बटाटा!" नातू म्हणतो, "आजोबा, इट्स जस्ट अ मूव्ही," की तोही साहेबाला फितूर ठरतो. काकूंचं म्हणणं, गेल्या जन्मी ह्यांना कुणा लॉर्डानं कामावरून काढलं असणार.

मध्यंतरी असाच सिनेमा चालला होता. हवेलीत मेजवानी रंगलेली आणि एक म्हातारा नोकर मालकाच्या खुर्चीमागे ताटकळत उभा. काका उसळले, "अरे, लहानपणापासून ह्याच घरात आहे ना तो? कुणीतरी बस म्हणा त्याला." आणि मागे न बघताच हात पसरून म्हणाले, "दत्तू, भजी आण."

आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दत्तू काकांचा ड्रायव्हर. देवगडकडच्या त्यांच्याच गावचा, शाळेत एका बाकावर बसणारा. त्याला इथे आणला काकांनीच. सिनेमा लागल्यापासून तो सोफ्यामागे उभा होता.

बशी समोर आली, पण काकांनी भजं उचललं नाही. टीव्ही बंद केला. "दत्त्या, बस हयसर."

"रवांदे शेठ. मी बरो आसंय."

"शेठ कोणाक म्हणतस? बस मेल्या."

दत्तू बसला, पण दवाखान्यात नंबरची वाट बघत बसावं तसा, सोफ्याच्या अगदी कडेला. एक भजं कसंबसं गिळलं आणि गाडी धुवायचीय म्हणून खाली गेला.

तेव्हापासून दर रविवारी काका शेजारची जागा अडवून बसतात, आणि नेमकं त्याच वेळी दत्तूला काम निघतं. "शाळेत माझ्या डब्यातलं न विचारता खायचा हा," काका परवा मला म्हणाले. "आता विचारून विचारून थकलो." ऐकून मला फार वाईट वाटलं. मीच खाली पार्किंगमध्ये गेलो. दत्तू लखलखीत गाडी पुन्हा पुसत होता.

"येतंय," तो हसून म्हणाला. "शेठांका सांगा, तुमी सुरू करा."

मी वर येऊन निरोप दिला. काकांच्या हातात रिमोट होता. तो त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "थांबू या थोडं. येईल तो."