वेणीदान राहून गेलं

माझे केस गुडघ्यांच्या खाली पोचतात. हे वाचून कुणाला हेवा वाटत असेल तर त्यांनी जूनमध्ये झाशीला यावं आणि आमच्या प्रेम नगरच्या घरात ते धुऊन दाखवावेत. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही आलं तर. बोअरचं पाणी इतकं जड की शिकेकाई घ्या नाहीतर शाम्पू, केसांची सुतळीच होते. बादल्या संपतात, केस संपत नाहीत. मग बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत असताना गच्चीत उन्हाकडे पाठ करून बसायचं, कारण ओले बांधले तर कुबट वास येतो. मान दुखते, गुंता काढताना खांदे भरून येतात. न्हाणीची जाळी तुंबली की सगळे माझ्याकडे बघतात. वरणात केस निघाला तर तो कुणाचा हे विचारावं लागत नाही. इलाइट चौराह्यावर रिक्षात चढले की रिक्षावाला आधी म्हणणार, "भाभी जी, चोटी अंदर कर लीजिए."

कौतुक मात्र भरपूर. लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात अनोळखी बायका मागून येऊन वेणीला हात लावतात. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी आजवर बादलीभर पाणी ओतून दिलेलं नाही.

मग कापले का नाहीत? कारण सासूबाई. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं, घरात निम्मं हिंदी बोललं जातं, पण सवाष्णीच्या केसांना कात्री लागत नाही हा नियम टिकून आहे. सूट फक्त एकच. प्रयागला संगमावर नवऱ्याने बायकोची वेणी घालायची आणि स्वतःच्या हाताने तिचं टोक कापून गंगेत सोडायचं. वेणीदान. टोक म्हणजे दोन बोटं.

"दोन बोटं कुणाची, हे कुठे सांगितलंय?" नवरा म्हणायचा. "मी चांगली खांद्यापासून उडवतो. गंगेत पडल्यावर आई काय मोजायला जाणार आहे?" आमचा तो कटच होता. यंदाच्या माघात जाऊ, पुढच्या माघात नक्की, असं आम्ही बोलत राहिलो. कधी त्यांना रजा मिळाली नाही, कधी सासूबाईंची तब्येत बिघडली. प्रयाग काय, रात्रभराच्या गाडीवर. कुठे पळून जातंय, असं वाटायचं.

पळून गेली ती नवऱ्याच्या उजव्या हातातली ताकद. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. त्यांना उचलायचं, कूस बदलायची, भरवायचं. वाकले की वेणी त्यांच्या तोंडावर पडायची. अंबाडा घातला तर त्याच्या ओझ्याने मान मोडायची. एका दुपारी मी न्हाणीत केस धूत होते आणि ते पलंगावरून खाली पडले. मी तशीच धावले. केसांतून पाणी गळतंय, फरशी ओली, पाय सरकतोय, आणि माझ्याच्याने त्यांना उचलवेना. शेजारच्या भैयांना हाक मारली. ते येईपर्यंत मी ओल्या केसांनी जमिनीवर त्यांच्याजवळ बसून होते. दोघेही रडत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हलवली आणि माझ्या वेणीकडे बघितलं. मला कळलं. मी शिवणाची कात्री आणून दिली आणि त्यांच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले.

उजव्या हाताची कात्री डाव्या हातात नीट चालत नाही. पाती एकमेकींना घासतच नाहीत, केस मध्येच दुमडतात. ते दाबत राहिले. चार केस तुटले असतील. मी मदतीला हात मागे नेला तर त्यांनी तो झटकला. त्यांना ते स्वतःच करायचं होतं. मग कात्री पडल्याचा आवाज आला. दारात सासूबाई उभ्या होत्या. "राहू दे रे बाळा," त्या म्हणाल्या, "बरा झालास की प्रयागला जा." मीही तेच म्हटलं. आमच्यापैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

थंडीत ते गेले.

महिने गेले, आणि एका सकाळी मी सासूबाईंना म्हटलं की आता केस कापते. खांद्यापर्यंतच. नवऱ्याला उचलून उचलून माझा खांदा कायमचा आखडलाय, हात डोक्यामागे जात नाही. आता नियमही उरला नाही, असं मला वाटलं होतं. त्या एकदम रडायला लागल्या. इतकं तर मुलगा गेला तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

"माझ्या आजीचे काढले होते गं," त्या म्हणाल्या. "न्हाव्याला मागच्या दाराने बोलावलं होतं. मी खांबाआडून बघितलं. तुझं तसं नाही बघायचं मला."

"आई, मी मुंडण थोडंच करतेय? आजकाल सगळ्याच कापतात."

"कापू देत. माझा मुलगा गेल्यावर या घरात कात्री निघाली, हे मला बघायला लावू नकोस. मी आहे तोवर नको."

नवरा जिवंत म्हणून कापायचे नव्हते, आता गेला म्हणून कापायचे नाहीत. आधी धाक होता, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. ही माया आहे, हिच्याशी कसं भांडू? आणि 'मी आहे तोवर' या शब्दांनी तर मला पुरतं अडकवून टाकलंय. आता केसांचा कंटाळा आला की मनात पुढचा विचार येतोच, आणि तो आला की स्वतःची किळस येते.

माझा हात मागे जात नाही म्हणून रोज सकाळी सासूबाईच माझी वेणी घालतात. पंच्याऐंशी वर्षांची बोटं थरथरतात, आणि पेड सुटू नये म्हणून त्या सगळा जोर लावून ओढतात. माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"घट्ट नाही ना झाली गं?"

"नाही, आई," मी म्हणते.