दाजींची न भरणारी भिंत

चहाआधी पाहुण्याला घाम फोडणारा माणूस आमच्या दाजींसारखा नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि होऊही नये, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती छाती त्यांच्याच जात्यावर दळून दळून भरली आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. उमेदीची वर्षं त्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढली, नव्वदच्या दशकात नोकरी सोडली आणि सिन्नरकडच्या मळ्यातला रिकामा गोठा झाडून तिथं जुन्या शेतीचं म्युझियम थाटलं. जन्मभर लोकांसाठी वीज केली, पण म्युझियमात एक बल्ब लावू दिला नाही. "आपल्या आज्यानं काय बल्ब लावून पेरलं व्हतं का?" असं ते विचारत, आणि अंधारात चौकटीला कपाळ आपटलेला पाहुणा मुकाट्याने 'नाही' म्हणे.

ट्रॅक्टर आले तसे लोक लाकडी अवजारं चुलीत घालायला लागले होते. दाजी पंचक्रोशीत हिंडून ती मागून आणत. एकदा धान्य साठवायची भलीमोठी कणगी त्यांनी एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट पडेल." दाजी उखडले. "लगेज कसलं? मानूस हाय ती आमच्या घरातली. शंभरीच्या पुढं वय हाय. म्हातारीचं अर्धं तिकीट फाडा!" अख्खी गाडी हसायला लागली आणि हसता हसता कंडक्टरने खरोखरच अर्धं तिकीट फाडलं. दाजींनी ते कणगीला चिकटवून ठेवलं होतं.

इतर म्युझियमांत 'हात लावू नये' अशी पाटी असते. दाजींच्या दारावर होती, 'हात लावल्याशिवाय बाहेर जाऊ नये'. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणारे सासरे आमची चौकशी करायला ताईकडे आले. अंगात इस्त्रीचा सफारी, पायात चकचकीत बूट. दाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ताईला म्हणाले, "पाव्हणं वजनाला बेस हायेत." ढेकळं फोडायचा कुळव मातीत नीट रुतायला त्याच्यावर कुणाला तरी उभं राहावं लागतं. पुढच्या क्षणी माझे सासरे कुळवावर होते, शेजाऱ्याचे बैल उधळले होते, आणि मी बांधावर उभा राहून मनातल्या मनात माझ्या लग्नाला रामराम ठोकत होतो. सासरे परत आले ते डोक्यापासून बुटापर्यंत मातकट होऊन, लहान पोरासारखे खिदळत. "अजून एक फेरी होईल का हो?" म्हणाले. आमचं लग्न त्या फेरीत जमलं, असं माझी बायको आजही सगळ्यांना सांगते.

असे हे दाजी एकाच गोष्टीसाठी झुरत. गोठ्याच्या लांब भिंतीलगत प्रत्येक अवजाराची जागा आखलेली होती, वर सुबक अक्षरांत पाटी होती. ती भिंत एकदा, फक्त एकदा, टोकापासून टोकापर्यंत भरलेली त्यांना बघायची होती. पण ती भरेल तर शपथ! कारण ज्यांनी अवजारं 'कायमची' दिली होती तेच हंगाम आला की दारात उभे. शेजारचा रंगनाथ तर पेरणीची पाभर दरसाल न्यायचा. "दाजी, जरा पाभर नेतो. दोन दिवसात आनून टाकतो." दाजी आकांडतांडव करत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि शिव्या देता देता पाभरीचं दुसरं टोक स्वतः उचलून त्याच्या बैलगाडीत चढवत. ताई म्हणायची, "यांचं म्युझियम म्हंजी गावाची कोठी हाय, नुसतं कुलूप तेवढं आमचं."

एकदा म्युझियमला सरकारी मान्यता मिळते का बघायला एक साहेब आले. नेमके ऐन पेरणीत. साहेब भिंतीजवळ गेले. पाटीवर लिहिलेलं, 'पाभर. पूर्वी पेरणीसाठी वापरत असत.' पाटीखाली काही नाही.

"वस्तू कुठे आहे?"

"वापरात हाय, साहेब," दाजी खालमानेनं म्हणाले.

पुढची पाटी, तण काढायचं कोळपं. लवकर पेरलेल्या रानात तेही वापरात. साहेबांनी ताईच्या हातची भाकरी आणि ठेचा पोटभर खाल्ला, पण मान्यता काही दिली नाही. दाजी दिवसभर रंगनाथच्या नावानं खडे फोडत बसले. संध्याकाळी रंगनाथचा भाऊ कुळव मागायला आला, तोही दिला.

पुढे काही वर्षांनी मी असाच पेरणीच्या दिवसांत मळ्यावर गेलो. गोठ्यात शिरलो आणि ओरडलोच, "दाजी, भरली की भिंत!" पाभर, कोळपं, कुळव, मोट, सगळं ज्याच्या त्याच्या पाटीखाली. दाजी दारातल्या बाजेवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी पेढे मागितले, तरी ते हसले नाहीत.

"रंगनाथनं बैल इकले," ते म्हणाले. "समदं ट्रॅक्टरवर करतो आता. गावात बैलजोडीच ऱ्हायली नाय, पाव्हणं. यंदा कुनी आलंच नाय."

निघायच्या वेळी दाजी उठले, पाभरीची दांडी सोडवली आणि पाभर उचलून माझ्या भाड्याच्या जीपगाडीशी आणली. "ही घेऊन जा. पेरनी झाली का आनून द्या." मी नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मग पाभरीचं दुसरं टोक मी धरलं. जीपवाला भाड्यावरून कुरकुरला तेव्हा मी दाजींच्या आवाजात अर्धं तिकीट मागितलं. दाजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पाभर आमच्या गॅलरीत आहे. बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालते. दाजींचा फोन येतो तेव्हा ख्यालीखुशालीच्याही आधी दरडावणी असते, "काय पाव्हणं, आमची पाभर कवा आनताय?"

"इतक्यात नाही जमायचं, दाजी. वापरात आहे."

"बरं, बरं," ते म्हणतात. "मंग ऱ्हाऊ द्या."